अंगातला करंट

कणांच्या मशीनखाली झोपायला मी दूरच्या शहराकडं निघाले, त्या सकाळी माझ्या मोठ्या जावेनं मला एकच सल्ला दिला.

"चांगलं लुगडं नेऊ नको वो. तिकडंच जाळतीन तुले, मंग वाया जाईन."

मी पेटीतलं सगळ्यात चांगलं लुगडं काढलं आणि तिच्यासमोरच नेसले. म्हटलं, "जाळलंच तर जाळणाऱ्याले तरी बरं वाटलं पाहिजे, बाई."

ती हसली नाही. पडवीतल्या खुंटीवरून तिनं माझी हातजाळी उतरवली, दोऱ्या बोटांनी ताणून पाहिल्या आणि काखेत मारली. "हे मी नेतो. इथी उंदीर कुरतडतीन."

गडचांदूरहून मला न्यायला आलेली माझी लेक ऑटोत बसून रडली. मोठी माय असं कसं बोलते म्हणाली. मला रडू आलं नाही. बोलणं तर बोलणंच, हवेत गेलं. जाळी गेली याचा मात्र मला असा राग आला होता, की मरायचं असेल तर मरेन, पण आधी जाळी परत घेईन, असं मी राजुऱ्याच्या रस्त्यावर पक्कं ठरवून टाकलं.

जाळीचं एवढं काय, असं ज्यांनी मासोळी फक्त ताटात पाहिली त्यांना वाटेल. आमचं गाव तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. धान पिकवतो आणि तळ्यावर जगतो. पुरुषांची मोठी जाळी खोल पाण्यात. बायकांचं काम उथळात. होळीच्या आधी पाणी उतरून कमरेला आलं, की बायका एका ओळीत उभ्या राहतात. प्रत्येकीच्या हातात बांबूच्या कमानीची जाळी, कमरेला टोपली. ओळ हळूहळू काठाकडं सरकते. दोघींच्या मधून मासोळीला वाट ठेवायची नाही, एवढीच त्यातली विद्या. एकटी बाई दिवसभर जाळी घालत बसली तरी तिच्या टोपलीत शेवाळ येतं. ओळीत शिरली की त्याच पाण्यातून झिंगे येतात, आणि नशीब असलं तर मरळ.

ओळीलाही मान असतो. मधोमध माझी जाऊ, कारण तळाचा खळगा न खळगा तिच्या पायांना पाठ. तिच्या उजव्या हाताला मी. आणि अगदी टोकाला, जिथं गाळ मांडीपर्यंत ओढून घेतो, तिथं घरात आलेली नवी सून.

मी नवी होते तेव्हा तिथंच होते, आणि माझ्यासारखी मूर्ख नवरी त्या गाळानं त्याआधी पाहिली नसेल. दिवसभर कमरेएवढ्या थंड पाण्यात उभी, लघवीनं जीव चाललेला, आणि ही लाजरी बाई दात आवळून उभी. बाकीच्या गाणी म्हणत होत्या, एकमेकींच्या नवऱ्यांना शिव्या देत होत्या. मला वाटलं, केवढ्या खंबीर बाया! बाहेर आल्यावर मी झुडपाकडं पळत सुटले, तेव्हा जाऊ ओरडली, "काऊन वो, तळ्यात का झालं होतं? कमरेखाली कोन पाहाले येते तिथी?" सगळ्या पाळीवर लोळून हसल्या. दिवसभर त्यांच्यातली एकही खंबीर नव्हती.

पण मी सुधारले का? नाही. लाज ही माझी मोठी दौलत होती आणि ती मी फार जपली. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधावर पुरुष असतात, म्हणून पहाटेच्या अंधारात एकदा जायचं आणि अंधार पडल्यावर दुसऱ्यांदा. मधे थेंब नाही. पुढं अंगावरून जायला लागलं, तेव्हाही मी डॉक्टरला "कंबर दुखते" एवढंच सांगितलं. डॉक्टरनं कमरेला मलम दिलं. मी ते इमानदारीनं चोळत राहिले आणि रोग दोन वीत खाली बसून आरामात वाढत राहिला. शेवटी रक्तानं लुगडं भिजलं, तेव्हा नागपूरला नेलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. शेक दिला. आमच्याकडं किरणांना शेकच म्हणतात, जसं काही गुडघ्याला वीट गरम करून लावायची आहे. त्या शेकानं मी बरी झाले आणि वर बरीच वर्षं जगले. ती कंबर चोळणारी बाई आठवली की आजही तिच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

मग या वयात पुन्हा डाग दिसला. या वेळी मी शहाणी होते. तपासायच्या टेबलावर चढण्याआधीच मी नागपूरच्या डॉक्टरला जागेचं नाव गावठी शब्दात असं स्पष्ट सांगितलं, की तो बिचारा खिडकीकडं पाहायला लागला.

तपासणी झाली. डॉक्टर म्हणाला, हा जुना नाही, वेगळाच आहे. योनीमार्गातला. दुर्मिळ. इतक्या थोड्या बायकांना होतो, की पुढं काय होईल ते छातीठोक सांगण्याएवढं आम्हालाही ठाऊक नाही.

घरी येऊन मी जावेला सांगितलं, "दुर्मिळ हाय म्हनते."

"म्हंजे?"

"म्हंजे लाखात एकीले होते."

"आपल्या घरात लाखात एक अशी वस्तू पयल्यांदाच आली," ती म्हणाली, "अन् तेही कुठी येऊन बसली पाहा."

पुढचं दुखणं असं, की तो साधा शेक पुन्हा देता येत नव्हता. त्या जागेनं, मूत्राशयानं, आतड्यानं पहिल्या वेळीच आपला वाटा पोटभर खाल्लेला. आणखी दिला तर आतडं फाटेल. दुसरी वाट ऑपरेशनची. त्यात रोगासोबत पुढचं-मागचं सगळं काढायचं आणि पोटावर दोन पिशव्या, एक लघवीची, एक शौचाची. जीव वाचण्याची आशा त्यात होती, हे खोटं नाही. डॉक्टरनं चित्र काढून दाखवलं. लेक म्हणाली, "माय, जीव तर राहीन ना."

मी डॉक्टरला विचारलं, "पिशव्या घेऊन तळ्यात उभं राहाले येते का? कमरेएवढ्या पान्यात, दिवसभर?"

तो म्हणाला, "आजी, या वयात तळ्यात कशाला?"

त्याला काय सांगायचं? जमिनीवर मी एक वाकलेली बुडी आहे, बसायला उठायला भिंत धरणारी. पाण्यात उतरले की माझं वजन तळं घेतं, आणि हातात जाळी असली की कोणी मला वय विचारत नाही. म्हणून तो तिसरं काही बोलेपर्यंत मी टेबलावरून उठलेच नाही. अखेर तो म्हणाला, एक कणांची मशीन आहे, दूर आहे, तिथं विचारून पाहू.

तिथल्या डॉक्टरणीनं मला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. साधा किरण म्हणजे घरात घुसलेला आगाऊ पाहुणा. पुढच्या दारानं येतो, मागच्या दारानं जातो आणि मधल्या सगळ्या खोल्यांत पाय ठेवून जातो. हा कण म्हणजे जावई. येतो, नेमक्या एका जागी बसकण मारतो, सगळा मान तिथंच वसूल करतो आणि पुढं इंचभर सरकत नाही. रोगाच्या मागचं आतडं त्यामुळं वाचतं.

पण जावयाचे नखरेही जावयासारखेच. घर रोज तसंच्या तसं लागतं. मूत्राशय रोज सारखं भरलेलं हवं, म्हणजे ते फुग्यासारखं आतड्याला वर ढकलून धरतं. आणि आतड्यात वारा नको. वारा असला की कण थांबायची जागा चुकते, रोगाला सोडून नको तिथं बसतो. आधीच भाजलेल्या आतड्याला पुन्हा भाजलं, तर भोक पडेल, मग ऑपरेशन आणि त्याच दोन पिशव्या. डॉक्टरीण हे गोड बोलून सांगत नव्हती, आणि तेच मला आवडलं.

रोज सकाळी आधी लघवीला जाऊन यायचं, मग मापाचं पाणी प्यायचं, मग मोठ्या खोलीत थांबायचं. त्या खोलीत साऱ्या बायका मांड्या आवळून बसलेल्या. शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, आणि कोणाच्यानंच धरवत नव्हतं. एक बँकेतली बाई तर रोज रडकुंडीला येऊन उठायची, मग तिचा नंबर मागं जायचा. मी पाय पसरून बसायचे. ती म्हणाली, "आजी, तुम्हाला कसं जमतं?"

मी म्हटलं, "आमच्याकडं बांधावर पुरुष असतात, बाई. अशी शिकवणी तुले कुठं भेटनार?"

ती हसली आणि त्या हसण्यातच तिचं सुटलं. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला मजा आली. हिच्यापेक्षा एका तरी गोष्टीत मी पुढं निघाले, हे मी रात्री लेकीला दोनदा सांगितलं. ज्या लाजेनं मला जन्मभर छळलं, तिला तिथल्या मशीनवरच्या मुली "आजी, व्हेरी गुड" म्हणून शाबासकी देत होत्या. नवऱ्यानं कधी दिली नव्हती.

या गर्वानंच माती खाल्ली. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत आम्ही उतरलो होतो, तिथं लेक मला मऊ भात आणि दुधीचं पाणी देत होती. डाळ बंद, कांदा बंद, भज्यांचं नावही बंद. आणि तिच्याच पिशवीच्या तळाशी जावेनं लाखोरीच्या डाळीची पुरचुंडी घालून दिली होती. शिवी देणारी बाई डाळ काऊन देते, ते तिलाच ठाऊक. धान कापायच्या आधी त्याच चिखलात फेकलेली लाखोरी, तिची डाळ शिजायला लागली की मला आमच्या घराचा धूर दिसतो. लेक औषध आणायला गेली, तेवढ्यात मी लसणाची फोडणी देऊन भांडं चाटूनपुसून साफ केलं. धुऊन पालथंही घातलं. चोरीचा सगळा पुरावा नाहीसा.

दुसऱ्या दिवशी मशीनखाली झोपले. रोज आधी आतला फोटो निघतो. फोटो निघाला आणि मशीन काही बोलेना. मग मशीनवरची एक मुलगी, पुण्याकडची मराठी बोलणारी, आत आली.

"आजी, काल काय खाल्लं होतं तुम्ही?"

"भात."

"आणि?"

"दुधीचं पानी."

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. माझ्या पोटात काळाभोर फुगा, सोंड उचललेल्या हत्तीएवढा. "हा दुधीचा आहे?" तिनं विचारलं.

नवऱ्यासमोर, सासूसमोर, पंचायतीसमोर मी हवं तसं खोटं बोललेली बाई आहे. स्वतःच्या आतड्यानं साक्ष दिल्यावर काय बोलणार! मला चालवलं. कूस बदलून झोपवलं. शेवटी नातीच्या वयाच्या त्या मुलीनं मागून नळी घातली, आणि लाखोरीची हवा मोठा आवाज करत त्या लाखमोलाच्या खोलीत निघून गेली. तरी फोटो जुळेना. डॉक्टरीण आली. "आज नाही," एवढंच म्हणाली, आणि दारात वळून, "आजी, तळ्यात जायचं तुम्हालाच आहे ना? मला नाही."

त्यानंतर मी मऊ भातच खाल्ला. लेक पुढ्यात बसायची, आणि मी घास गिळला की तोंड उघडून दाखवायला लावायची.

तोंडाला खायला काही नाही, म्हणून मी त्याचं दुसरं काम वाढवलं. जावेला फोन करून फुशारक्या मारायला लागले. मशीन केवढी? आपल्या शाळेवर शाळा ठेवली तर होईल तेवढी. मला एका खाटल्यावर बांधून तिच्या पोटात सरकवतात. करंट किती लागतो? "बाई, ते चालू झाली का आपल्या साऱ्या तालुक्याची लाईट गुल होईन, इतका करंट. अन् तो सारा माह्या अंगात सोडते."

ती म्हणाली, "सारा?"

"सारा."

मला वाटलं, जळली.

परत आले. काही महिन्यांनी तिकडंच पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीण पडदा पाहून म्हणाली, सध्या तिथं काही दिसत नाही. सध्या हा शब्द तिनं दोनदा वापरला. आतडं शाबूत होतं, पिशव्या नव्हत्या, कातडी भरली होती, तळ्यात उतरायला हरकत नव्हती. पण दोन वेळचा मार खाऊन मूत्राशय आकसून गेलं होतं. जे दिवसभर हूं की चूं करत नसे, ते आता घोटभर चहाला घाबरायला लागलं. शिंकले की गेलं, हसले की गेलं. घडी घातलेलं धडुतं सतत लावून ठेवावं लागायचं. बँकेतल्या त्या बाईला कुठूनतरी हे कळावं, म्हणजे तिचा हिशेब फिटेल.

जावेचं नाक कुत्र्याचं. मी परत आले त्याच दिवशी तिनं अंगणात माझ्यासाठी वेगळं पोतं टाकलं. "तुह्यासाठी. धुवाले सोपं." मी बसले. दुसरं काय करणार? तिच्याकडं जाळी मागितली तर म्हणाली, "ते तं सुनेले देल्ली." जमिनीवरचा माझा कारभार असा आटोपला होता. पाण्यात मात्र कोणाला वास येत नाही, कोणाला ओलं दिसत नाही. आता तळं मला पहिल्यापेक्षा जास्त हवं होतं.

होळीच्या आधी पाणी कमरेला आलं. माळ्यावर नवऱ्याच्या वेळची एक फाटकी जाळी होती, ती मी सुतळीनं सांधली आणि पाळीवरून खाली उतरले. ओळ पाण्यात उभी होती. माझा पाय पाण्याला लागला आणि जाऊ ओरडली, "तिथीच थांब वो! पान्यात नको येऊ!"

"काऊन?"

"तुह्या अंगात करंट हाय. तूच सांगतलं ना फोनवर? सारा सोडला म्हने."

मला आधी वाटलं, ही चिडवते आहे. पण बायांची तोंडं पाहिली तर खरोखर भ्यालेली. त्यांचंही चूक नाही. आमच्याकडं लोक खांबावरच्या तारेला आकडा टाकून तळ्यात करंट सोडतात, मासोळ्या पोट वर करून तरंगतात. मागं असाच करंट सोडताना एक माणूसही त्या मासोळ्यांसोबत तरंगला होता. पाणी आणि करंट म्हणजे काय, हे या बायांना डॉक्टरणीपेक्षा चांगलं कळतं.

मी सांगू शकले असते, की मशीन बंद झाली की अंगात काही राहत नाही. होळीला आलेल्या लेकीनं पाळीवरून सांगायला तोंड उघडलंही. पण ते वेगळं पोतं, ते लुगडं, ती जाळी, सारं एकदम माझ्या डोक्यात चढलं. मी म्हटलं, "हाव. हाय करंट." आणि धपकन पाण्यात उडी घेतली.

बेडकं उडावीत तशा बाया काठावर उडाल्या. जावेचा पदर शिंगाड्याच्या वेलीत अडकला, तो तिथंच फाटू देऊन ती पळाली. सारं तळं माझं एकटीचं झालं.

मी हसत हसत जाळी घातली. वर काढली तर शेवाळ. पुन्हा घातली, शेवाळ. झिंगे माझ्या डाव्या-उजव्या बाजूनं निवांत जात होते, एकटीला कोण विचारतं! वाकून वाकून कंबर मोडली. काठावरचं ओरडणं थांबलं होतं. त्या पाहत होत्या. मी जाळी घालायची आणि ओकीबोकी वर काढायची, एवढंच चाललं होतं. बाहेर येऊन सांगावं, तर कोणत्या तोंडानं? तळ्याच्या मधोमध मी रडत होते, आणि तोंडावर पाणी मारत होते म्हणजे ते दिसू नये.

किती तरी वेळानं जाऊ तुच्छतेनं बोलली. "कायचा करंट वो हिच्यात? करंट असता तं मासोळ्या उलट्या झाल्या असत्या. हिच्यानं एक झिंगा नाई मरत." मग बायांना म्हणाली, "चला वो, उतरा. हे बुडी नुसती बोलाचीच हाय."

एकेक करून त्या उतरल्या. ओळ लागली. जावेच्या उजव्या हाताला, माझ्या जागी, माझी जाळी घेऊन तिची सून उभी होती. जावेनं हनुवटीनं मला टोक दाखवलं, तो मांडीपर्यंतचा गाळ.

मी गेले. गाळानं पाय ओढला, जुनी ओळख निघाली. लाजेनं दात आवळून उभी असलेली ती नवरी मला तिथंच भेटली, आणि मी तिला म्हटलं, सरक गधडे, आता मी उभी राहते.

पाहते तर जाऊ मधली जागा सुनेवर सोडून, पाण्यातून वाट काढत माझ्याकडं येत होती. बाजूला येऊन उभी राहिली. "तुह्या जाळीले भोकं हाय. तुह्याजवळून मासोळी निसटली तं साऱ्या ओळीचं नुकसान." तिनं आपली जाळी माझ्या जाळीला भिडवली. मधे बोटभरही वाट राहिली नाही.

ओळ सरकली. पहिल्याच खेपेला माझ्या टोपलीत झिंगे पडले, टुणटुण उड्या मारत. मला हसू आलं. आणि हसले की काय होतं ते सांगितलंच आहे.

जाऊ थांबली. खाली पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"काऊन वो, इथलंच पानी गरम कसं लागून राह्यलं?"

"करंट, बाई," मी म्हटलं.

तिनं मूठभर गाळ उचलला आणि माझ्या तोंडावर फेकला. जाळी मात्र हलवली नाही.